घोडीला वांझ म्हणण्याआधी पिशवी तपासा

मुक्या जनावरांचे दुखणे : साप्ताहिक सदर



मागच्या महिन्यात माण तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले. घरची मेंढरे आहेत. दिवाळी झाली की वाडा कोकणाकडे उतरतो आणि पावसाळा तोंडावर आला की परत गावाकडे वळतो. सहा-सात महिने सारा संसार घोडीच्या पाठीवर असतो. भांडी, वाकळा, पीठ-मीठ, कोंबड्यांचे खुराडे आणि नुकतीच जन्मलेली, चालता न येणारी कोकरेसुद्धा. वाटेने घोडीची दोरी या ताईंच्याच हातात असते.

ताई लिहितात, "घोडी चौदा वर्षांची आहे. चार शिंगरं दिली. शेवटचं तीन वर्षांमागं झालं, ते फार अडलं होतं. वार दुसऱ्या दिवशी पडली. त्यानंतर दोन हंगामांत पाच वेळा घोडा दाखवला, पण घोडी राहत नाही. एकवीस दिवसांनी उलटायची ती आता पंधरा-सोळाव्या दिवशीच माजावर येते. शेपटीचे केस चिकट होतात. मालक म्हणतात वांझ झाली, यंदाच्या घोडेबाजारात विकून टाकू. चार शिंगरं दिलेली घोडी वांझ कशी होईल, दादा? काहीतरी औषध लिहा."

ताई, औषधाचे नाव या पानावर लिहिणार नाही. का ते पुढे सांगतो. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुम्ही शाळा किती शिकलात ठाऊक नाही, परंतु अर्धे निदान तुमच्या पत्रातच झालेले आहे. अवघड बाळंतपण, उशिरा पडलेली वार, लवकर उलटणे आणि चिकट शेपटी या चारही खुणा एकाच जागेकडे बोट दाखवतात. ती जागा म्हणजे घोडीची पिशवी, म्हणजेच गर्भाशय. म्हणून आजचे सदर घोडीच्या पिशवीचे दुखणे ओळखावे कसे, याविषयीच लिहीत आहे. लग्नाच्या वरातीची घोडी पाळणारे, भीमथडीची पैदास करणारे, मारवाडी-काठेवाडी घोड्यांचे शौकीन आणि मेंढपाळ बांधव या सर्वांना ते उपयोगी पडेल.

पिशवीचे काम आणि तिची तीन दारे

घोडी साधारण अकरा महिने गाभ वाहते. इतके दिवस शिंगरू ज्या घरात राहायचे ते घर आतून स्वच्छ हवे. त्यासाठी निसर्गाने तीन दारे बसवली आहेत. पहिले दार बाहेरचे, म्हणजे निरणाचे दोन ओठ. दुसरे थोडे आत, योनीमार्गातला चुणीचा पडदा. तिसरे गर्भाशयाचे तोंड. ही तिन्ही दारे नीट बंद होत असतील तर शेण, धूळ आणि हवा आत जात नाही.

घोडा लागला की तिसरे दार उघडे असते आणि वीर्याबरोबर थोडी घाण व जंतू आत जातात. प्रत्यक्ष वीर्यानेही पिशवीला थोडी सूज येते. हे प्रत्येक घोडीत होते, तो रोग नव्हे. निरोगी घोडीची पिशवी आकुंचन पावून एक-दोन दिवसांत सारे बाहेर टाकते. गोठा धुतल्यावर पाणी मोरीवाटे निघून जावे तसे. पण मोरीच तुंबली तर? गोठ्यात चिखल साचतो. वय झालेल्या, चार-पाच वेळा व्यालेल्या घोडीची पिशवी पोटात खाली लोंबते, आकुंचन कमी पडते आणि पाणी आत साचून राहते. त्या पाण्यात जंतू वाढतात. गर्भ चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पिशवीत उतरतो, तो या चिखलात तग धरत नाही.

पिशवीच्या अस्तराला अशी सूज असली की ते अस्तर शरीराला चुकीचा इशारा देते आणि घोडी वेळेआधी माजावर येते. एकवीस-बावीस दिवसांचा फेरा पंधरा-सोळावर येतो तो यामुळे. ताईंनी दिवस मोजले म्हणून ही खूण हाती लागली. न मोजणाऱ्याला ती कधीच लागत नाही.

पहिले हत्यार : वही आणि पेन्सिल

डॉक्टर येतात तेव्हा घोडी बोलत नाही, तुम्हीच बोलायचे असते. म्हणून प्रत्येक घोडीचे एक पान घाला. त्यावर माजावर आल्याची तारीख, माज किती दिवस टिकला, घोडा कधी लागला, कोणता घोडा, पुन्हा माज कधी आला, व्याली कधी, वार किती वेळाने पडली आणि गाभडली असेल तर कितव्या महिन्यात, एवढे लिहा.

घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो आणि बीज सुटते ते माजाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत. पहिल्याच दिवशी घोडा दाखवून घरी आणलेली घोडी राहिली नाही तर दोष पिशवीचा नव्हे, पंचांगाचा आहे. तसेच घोडी ही मोठ्या दिवसांची जात आहे. फाल्गुन-चैत्रापासून दिवस वाढू लागला की तिचा माज नियमित होतो आणि थंडीत अनेक घोड्या माज दाखवीतच नाहीत. मार्गशीर्षात माजावर येत नाही म्हणून घोडीला आजारी ठरवू नका.

आणखी एक विचारावे असे. त्याच घोड्यापासून गावातल्या दुसऱ्या घोड्या राहतात का? नसतील राहत तर आधी घोड्याची तपासणी करा. दोष घोड्याचा आणि शिक्षा घोडीला, असा न्याय आपल्याकडे पुष्कळदा होतो.

दुसरे हत्यार : डोळे आणि कान

घोडी शांत उभी असताना, एका माणसाने तोंडाशी धरून ठेवले असताना, बाजूला उभे राहून तिची शेपटी उचलून पाहा. अगदी पाठीमागे उभे राहू नका. गरीब घोडीचीही लाथ गरीब नसते.

निरण सरळ उभे आहे का? ओठ एकमेकांना घट्ट मिटलेले आहेत का? बसण्याच्या हाडाची कड हाताला लागते, तिच्या खाली निरणाचा निदान दोन तृतीयांश भाग असावा. म्हाताऱ्या किंवा वाळलेल्या घोडीत गुदद्वार आत ओढले जाते आणि त्याच्याबरोबर निरणाचा वरचा भाग आडवा होतो. मग शेण टाकताना ते सरळ निरणावर पडते. व्याताना फाटलेल्या आणि नीट न जुळलेल्या जागेनेही हेच होते.

आता ओठ हलकेच बाजूला करा. हवा आत शिरल्याचा फुस्स असा आवाज आला तर पहिले आणि दुसरे दार नीट लागत नाही असे समजा. काही घोड्या दुडक्या चालीने पळताना मागून असा आवाज करतात आणि पोरेबाळे हसतात. ती हसण्याची गोष्ट नाही. प्रत्येक पावलागणिक हवा आणि घाण आत ओढली जात असते.

शेपटीचे केस, मांड्यांची आतली बाजू आणि निरणाचा खालचा कोपरा पाहा. वाळलेली पापुद्र्यासारखी खूण, चिकटलेले केस, पांढरट, पिवळट किंवा करडा स्राव, घाण वास, यांतले काहीही लिहून ठेवा. पण हेही ध्यानात असू द्या, की पिशवी बिघडलेल्या पुष्कळ घोड्यांत बाहेर काहीच दिसत नाही. घोडी खाते, पिते, ओझे वाहते, ताप नसतो. पिशवीत पू भरलेली घोडीसुद्धा कित्येकदा वरून धडधाकट दिसते. म्हणून बाहेर काही नाही, म्हणजे आत काही नाही, असे म्हणता येत नाही.

इथपर्यंतचे काम तुमचे. याच्या पुढचे काम पशुवैद्यकाचे. हात किंवा नळी आत घालण्याचे धाडस घरी कोणीही करू नये.

डॉक्टर आले की पहिला प्रश्न : घोडी गाभण तर नाही?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते सांगण्यासाठी माझीच एक चूक तुमच्यापुढे मांडतो.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो आणि आपल्याला सारे येते असे वाटण्याचे वय होते. तालुक्याच्या गावी एका टांगेवाल्याने घोडी आणली. म्हणाला, "दोन महिन्यांमागं घोडा लावला होता साहेब, आज पुन्हा अंग दाखवतेय. उलटलेली दिसते." मी निरण पाहिले, थोडा स्राव दिसला. गुदद्वारातून हात घालून पिशवी चाचपून बघायला हवी होती. घोडी चपळ होती, दुपार झाली होती, मी कंटाळा केला. नळी सरळ गर्भाशयाच्या तोंडातून घातली आणि औषधाने पिशवी धुतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्याच्या पायरीवर बसलेला. हातातला रुमाल त्याने उलगडला. आत बोटाएवढा, पुरता घडलेला जीव होता. खूरसुद्धा दिसत होते. तो एवढेच म्हणाला, "साहेब, घोडी रिकामी नव्हती."

त्याने भांडण केले नाही. पुढेही त्याची घोडी माझ्याकडेच आणीत राहिला. पण त्या दिवसापासून गाभ नाही याची खात्री केल्याशिवाय मी एकाही घोडीच्या पिशवीत नळी घातली नाही. काही गाभण घोड्यासुद्धा माजासारखी लक्षणे दाखवतात, हे पुस्तकात मी वाचलेले होते. वाचलेले आणि शिकलेले यांत अंतर असते ते असे.

तेव्हा बंधूंनो, डॉक्टर घाईत असले तरी तुम्ही विचारा, "साहेब, गाभ नाही ना, ते आधी बघता का?" चांगला डॉक्टर यात अपमान मानणार नाही.

आतली तपासणी : एकेक पायरी

*हाताने चाचपणे.* गुदद्वारातून हात घालून पिशवीचा आकार, जाडी, लोंबण आणि बीजांडे समजतात. घोडीचे गुदाशय गाईपेक्षा नाजूक असते. ते फाटले तर घोडी दगावू शकते. म्हणून हे काम शिकलेल्या हातानेच, घोडीला नीट आवरून, गरज पडल्यास गुंगीचे औषध देऊन व्हावे. गाई तपासणाऱ्या गावठी जाणकाराच्या हाती घोडी देऊ नका.

*सोनोग्राफी.* १९८० साली फ्रान्समध्ये घोडीच्या पिशवीचे चित्र या यंत्राने घेतले गेले आणि घोड्यांच्या वैद्यकाला जणू डोळे फुटले. आत पाणी साचले आहे का, किती, गढूळ की नितळ, अस्तरावर पाण्याचे फोड आहेत का, सारे पडद्यावर दिसते. घोडा लागून दोन दिवस झाले आणि तरी पिशवीत पाणी आहे, तर ती घोडी स्वतःची मोरी उपसू शकत नाही असे समजावे. याच यंत्राने चौदा ते सोळा दिवसांचा गाभ कळतो आणि जुळे असेल तर तेही कळते. घोडीला जुळे मानवत नाही. बहुतेक वेळा दोन्ही जातात. म्हणून ही तपासणी लवकर करावी.

*आतून पाहणे.* स्वच्छ नळी व उजेड घेऊन योनीमार्ग आणि गर्भाशयाचे तोंड पाहतात. लाली, जखम, चिकटलेले पापुद्रे, साचलेले मूत्र किंवा पू दिसतो. अडलेल्या बाळंतपणात गर्भाशयाचे तोंड फाटून पुढे चिकटले असेल तर तेही इथे उघडे पडते.

*पिशवीतला बोळा.* ही सर्वांत कामाची तपासणी. माजाच्या सुरुवातीला, तोंड उघडे असताना, झाकणाच्या नळीतून कापसाचा बोळा थेट पिशवीत नेऊन पुसून आणतात. झाकण यासाठी, की वाटेतल्या जंतूंनी बोळा बाटू नये. या बोळ्याचे दोन भाग करायचे असतात. एक काचेवर पुसून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सूज असेल तर पू करणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसतात. दुसरा प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जातो. एक-दोन दिवसांत जंतू उगवतो, बुरशी असली तर अधिक वेळ लागतो. मग कोणत्या औषधाने तो मरतो, याचीही परीक्षा होते.

दोन्ही का? जंतू उगवला पण पांढऱ्या पेशी नाहीत, तर तो वाटेतला पाहुणा असू शकतो. पेशी आहेत पण जंतू नाही, तर सूज वाऱ्याने, मूत्राने किंवा औषधानेही आलेली असेल, किंवा जंतू दडून बसला असेल. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. बोळा एकाच जागी टेकतो, म्हणून संशय राहिला तर थोडे निर्जंतुक पाणी पिशवीत सोडून ते परत घेऊन तपासतात. दडलेले जंतू त्यात अधिक सापडतात.

*अस्तराचा तुकडा.* वरच्या सर्व गोष्टी करूनही घोडी राहत नसेल तर पिशवीच्या अस्तराचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने काढतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण घोडीला याची वेदना फारशी होत नाही. अमेरिकेतील डॉ. केनी यांनी १९७८ साली या तुकड्यांची प्रतवारी लावून दिली आणि पुढे १९८६ साली त्यांनी व डॉ. डॉइग यांनी ती सुधारली. पहिल्या प्रतीचे अस्तर असेल तर नीट व्यवस्था ठेवल्यास शंभरातील ऐंशी ते नव्वद घोड्या शिंगरू देतात. दुसऱ्या प्रतीचे दोन भाग आहेत. एकात पन्नास ते ऐंशी, दुसऱ्यात दहा ते पन्नास. तिसऱ्या प्रतीत अस्तराची जागा व्रणांनी घेतलेली असते आणि दहासुद्धा देत नाहीत. ही तपासणी औषध देत नाही, पण खरे काय ते सांगते. खर्च करावा की थांबावा, हे त्यावरून ठरवता येते.

व्याल्यानंतरचे तीन तास

पिशवीची बरीचशी दुखणी व्याल्याच्या दिवशी सुरू होतात. गाईची वार बारा तास राहिली तरी आपण धीर धरतो. तोच हिशेब घोडीला लावला की घात होतो. घोडीची वार तीन तासांत पडली पाहिजे. तीन तास उलटले की डॉक्टरांना बोलवा. वार ओढू नका, तिला वीट-दगड बांधू नका. तुकडा आत राहिला तर पिशवी नासते, विष अंगात भिनते आणि खुरांच्या आतल्या भागाला दाह होऊन घोडी पायच धरते. कित्येक घोड्या वारेपायी मेल्या आहेत किंवा जन्माच्या लंगड्या झाल्या आहेत.

वार पडली की कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका. जमिनीवर पसरून पाहा. मधला भाग आणि दोन शिंगे, विजारीच्या दोन पायांसारखी. शिंगरू बाहेर आले ते एक भोक सोडून ती अखंड असावी. विशेषतः दोन्ही शिंगांची टोके पाहा. रिकाम्या शिंगाचे टोकच बहुधा तुटून आत राहते. संशय असेल तर पाण्याच्या बादलीत झाकून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

व्याल्यावर सात ते बारा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. पुष्कळ जण त्याच माजात घोडा लावतात. बाळंतपण सोपे झाले, वार वेळेवर पडली आणि तपासणीत पाणी नाही, तर हरकत नाही. बाळंतपण अडले असेल तर तो माज सोडून द्यावा. पिशवीला विसावा हवा.

गाभण घोडीतही लक्ष हवे

आठव्या-नवव्या महिन्यात निरणातून स्राव दिसला, किंवा दिवस भरायला अवकाश असताना कास भरू लागली, तर वार सुजल्याचा संशय घ्यावा. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. वेळेवर उपचार झाले तर शिंगरू वाचू शकते.

घोडी गाभडली तर गर्भ आणि वार तपासणीला द्या. उघड्या हाताने उचलू नका, हातमोजे घाला. इतर घोड्या दूर बांधा. काही साथीचे रोग एका घोडीकडून साऱ्या पागेत जातात, आणि काही माणसालाही लागतात. हिस्सारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, ते १९८५ मध्ये सुरू झाले. अशा रोगांच्या तपासणीचे काम तेथे चालते, आणि डॉक्टरांमार्फत नमुने पाठवता येतात.

एक चकवा सांगून ठेवतो. गाभ पस्तीस दिवसांच्या पुढे जाऊन मग गेला, तर घोडीच्या पिशवीतल्या काही गाठी पुढेही काम करीत राहतात. घोडी रिकामी असते, पण चौथ्या महिन्यापर्यंत नीट माजावर येत नाही. मालक समजतो गाभण आहे आणि अकरा महिने वाट पाहतो. म्हणून सोळाव्या दिवशी एकदा आणि महिन्याच्या आसपास पुन्हा एकदा, अशा दोन तपासण्या कराव्यात.

घरगुती उपाय का नकोत

आता औषधाचे नाव का लिहीत नाही ते सांगतो. जंतू एक प्रकारचा नसतो. एका घोडीत एका जातीचा, दुसरीत दुसऱ्या, तिसरीत बुरशी. न तपासता प्रतिजैविक सोडले तर जंतू ते औषध पचवायला शिकतो आणि पिशवीत बुरशीला रान मोकळे मिळते. मग साधे दुखणे हट्टी होते. फिटकरीचे पाणी, पोटॅश, फिनेल आत सोडणारेही मी पाहिले आहेत. त्याने अस्तर भाजते, चिकटते आणि जी घोडी बरी होणार होती ती खरोखरच कायमची निकामी होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार.

शिवाय निम्म्या वेळा मूळ दोष जंतूचा नसून दाराचा असतो. निरण आडवे असेल तर कितीही औषध घाला, दार उघडेच आहे. अशा घोडीच्या निरणाचा वरचा भाग भूल देऊन शिवतात. १९३७ साली डॉ. कॅस्लिक यांनी ही साधी शस्त्रक्रिया सांगितली आणि आजही तीच चालते. मात्र व्यायला दोन-चार आठवडे असताना ते टाके उघडून घ्यावे लागतात, नाहीतर शिंगरू बाहेर येताना फाटते. वहीत ही तारीख लाल पेन्सिलीने लिहा.

बाजारात घोडी घेताना

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडी घेताना आपण रंग, भोवरे, चाल आणि दात पाहतो. पैदाशीसाठी घ्यायची असेल तर शेपटीही उचलून पाहा. शेवटचे शिंगरू कधी झाले, आता ते कोठे आहे, विचारा. दोन-तीन वर्षे रिकामी असलेली घोडी स्वस्त मिळते तेव्हा ती का स्वस्त आहे, हा प्रश्न पैसे मोजण्याआधी पडावा. शक्य असेल तर तपासूनच व्यवहार करा.

ताई, आता तुमच्या घोडीविषयी

पुढचा माज सुरू होईल त्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी घोडीची तपासणी करवून घ्या. तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतर भागांतील वाचकांसाठी मुंबई, नागपूर, परभणी आणि उदगीर येथेही आहेत. जाण्याआधी घोडीच्या सोनोग्राफीची आणि बोळ्याच्या तपासणीची सोय कोणत्या दिवशी होते ते विचारून घ्या. जवळचा दवाखाना दूर असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक फिरवा आणि कोठे जावे ते विचारा.

तपासणी होईपर्यंत घोडा लावू नका. पाच वेळा लावला, प्रत्येक वेळी सुजलेल्या पिशवीत आणखी घाण गेली. घोडी वाळली असेल तर अंगावर आणा, भरडा आणि हिरवा चारा द्या. मांस भरले की काही वेळा आडवे झालेले निरणही सुधारते. रोज चालती ठेवा, कारण चालण्याने पिशवीतले पाणी निघायला मदत होते. तुमच्या घोडीला चालण्याची ददात नाही, हे तिचे भाग्य.

दुखणे साचलेल्या पाण्याचे आणि जंतूचे निघाले तर पिशवी धुऊन, नेमके औषध देऊन आणि पुढच्या वेळी घोडा लागल्यावर लगेच देखरेख ठेवून पाचवे शिंगरू मिळण्याची आशा आहे. अस्तरच झिजले असेल तर तसे सांगतील. मग त्यावर पैसा घालू नका.

आणि मालकांना माझा निरोप सांगा. शिंगरू देत नाही म्हणून घोडी ओझे वाहायची थांबलेली नाही. तुमची वाकळ, तुमचे पीठ आणि तुमची कोकरे तिने घाटाखाली नेली आणि वर आणली. विकायची तर विका, तो तुमचा अधिकार. पण तपासल्याशिवाय वांझ म्हणून विकू नका. वांझ हा शब्द फार स्वस्त झाला आहे, गोठ्यातही आणि घरातही. तीन वर्षे ती दुखणे घेऊन चालते आहे आणि तिने कुणाला सांगितलेले नाही. तिच्या वतीने तुमच्या कारभारणीने पत्र लिहिले, त्या पत्राचा मान ठेवा.

तपासणीत काय निघाले ते जरूर कळवा, ताई. चांगले निघो वा वाईट, दोन्ही ऐकायला आवडेल. इतर वाचकांनाही त्याचा उपयोग होईल.

पुढील अंकात : शिंगराचे पहिले चोवीस तास. उठणे, चीक पिणे आणि नाळेची काळजी.